कोणाचं पान कोणाला

"...मग सात वर्षांच्या मुलीला किती भीती सोसते, ताई? त्याला काही माप असेलच ना?"

विचारता विचारता मृण्मयीने ओसरीकडे कान लावला. झोपाळा कुरकुरत होता. म्हणजे ओवी तिथेच होती.

अंबूताई चष्मा पुसत राहिल्या.

मिरजेतल्या या दोन खोल्यांत त्यांनी चाळीस वर्षं कादंबऱ्या लिहिल्या. काही लहानांसाठी, काही मिसरूड फुटणाऱ्यांसाठी, काही मोठ्यांसाठी. शाळेत असल्यापासून मृण्मयी त्यांच्यापाशी लिहायला शिकली होती. पुढे ती स्कॉटलंडला गेली, मुलांच्या पुस्तकांचाच अभ्यास करून पदवी घेतली, आणि आपल्या भाषेतल्या मुलांना खरी पुस्तकं द्यायची असं ठरवूनच परत आली.

पण आली ती बहिणीच्या मरणाला.

ओवी त्या बहिणीची मुलगी. आई पुण्याच्या दवाखान्यात आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. तिला इथे मिरजेत आजोळी आणून ठेवलं होतं; आज मृण्मयी तिला अंबूताईंकडे सोबत घेऊन आली होती. उद्या तेरावा. उद्या तिला कोल्हापूरला घरी न्यायचं होतं, आणि तिथे भिंतीवर हार घातलेला फोटो असणार होता.

"मी सांगेन तिला," मृण्मयीने आल्या आल्या घरच्यांना ठणकावलं होतं. पोरांशी खोटं बोलण्यात तुमची हयात गेली, असंही सुनावलं होतं. ती गोष्टीतून सांगणार होती. गोष्ट लिहून झाली होती, चाळीस पानांची. फक्त वाचून दाखवायची राहिली होती... गेले चार दिवस.

तिने अंबूताईंना तिकडचे तक्ते समजावले. कोणत्या वयाला कोणतं दुःख झेपतं, मरण कधी आणायचं, अंधार किती ठेवायचा. सगळं अभ्यासातून ठरलेलं आहे, म्हणाली.

"छान आहे," अंबूताई म्हणाल्या. "तेलाच्या डब्यावर माप असतं तसं."

मग त्यांनी फडताळातून तीन सुटी पानं काढून तिच्यापुढे टाकली. तिन्ही त्यांच्याच तीन कादंबऱ्यांची, कच्च्या खर्ड्यातली.

"कोणाचं पान कोणाला, ते लाव."

पहिल्या पानात एका घरातली खोली बंद होती. माणसं तिच्यावरून जाताना हळू बोलत आणि हवापाण्याच्या गप्पा मारत. आत काय, ते कुठेच नव्हतं.

दुसऱ्यात एक पंधरा वर्षांचा पोरगा मेलेल्या भावाची सायकल दगडाने ठेचत होता.

तिसऱ्याची सुरुवातच अशी होती: 'सकाळी बाबा मेले. मी त्यांच्या पायाला हात लावून बघितला. पाट्यासारखा गार होता. दुपारी वांग्याची भाजी होती, ती मला आवडली.'

मृण्मयीने ते पान पटकन दूर सारलं. बाहेर फाटकाची कडी वाजली. झोपाळा थांबला... दूधवाला बोलला. झोपाळा पुन्हा कुरकुरू लागला.

आजोळीही बारा दिवस हे असंच चाललं होतं. कडी वाजली की ओवी थांबायची. विचारायची मात्र काही नाही.

मृण्मयीने घाईघाईने पानं लावली. बंद खोली लहानांना, सायकल मधल्यांना, गार पाय मोठ्यांना.

"मधलं बरोबर," अंबूताई म्हणाल्या. "आता पानं उलटून बघ."

खर्डा कोणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय त्या पुढे जात नसत, आणि ऐकणाऱ्याचं नाव पानामागे लिहून ठेवत. मृण्मयीला ही सवय माहीत होती. शाळेत असताना तिने स्वतः कितीतरी पानं ऐकली होती.

गार पायाच्या मागे लिहिलं होतं: 'मंजू, वय सात. दोनदा वाचायला लावलं. मग जेवायला गेली.'

बंद खोलीच्या मागे: 'बँकेचे मॅनेजर, वय पन्नास. मध्येच उठून गेले.'

मृण्मयीने दोन्ही पानांची अदलाबदल केली.

"तुझं आण," अंबूताई म्हणाल्या.

तिने पिशवीतून चाळीस पानं काढली. गोष्टीत एक आई होडीत बसून उजेडाच्या बेटावर जाते. तिथे फुलं असतात. ती तिथून रोज हात हलवते.

अंबूताईंनी पहिलं पान वाचलं. शेवटचं वाचलं.

"होडी परत येते?"

"...तसं लिहिलं नाहीये."

"येत नाही, असं लिहिलंयस?"

मृण्मयीने शेवटच्या पानाचा कोपरा दुमडला.

अंबूताईंनी चाळीस पानं सारखी केली आणि बंद खोलीच्या पानावर, मोठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली.

बाहेर झोपाळा थांबला. या वेळी कडी वाजली नव्हती. अनवाणी पावलं ओसरीवरून आत आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"मावशी," ओवी म्हणाली, "आई पुण्यात नाहीये ना?"

मृण्मयीने अंबूताईंकडे पाहिलं. त्यांनी उठून ओवीसाठी पाट मांडला, मृण्मयीच्या अगदी समोर.

"मोठ्यांचं वाचून झालं," त्या म्हणाल्या. "लहानांसाठी काय आणलंयस?"