भिवराईची बोळकी

लई मागची गोष्ट. सीना नदीला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं आणि चावडीवर गोऱ्या सरकारचा हुकूम चालायचा, तेव्हाची. नदीकाठच्या चिंचोड्यात भिवरा नावाची एक कुंभारीण राहायची. सगळं गाव तिला भिवराई म्हणायचं. तिची थापी लागली की मडकं जन्मभर गळत नाही, असं म्हणतात.

रांजण, घागरी, परळ ती गावासाठी करायची आणि बदल्यात धान्य घ्यायची. पण एक लहानसं बोळकं ती हातानंच वळायची, आणि ते कुणाला विकायची नाही. त्याचं काम वेगळं होतं. गावात कुणा बाईचं दिवस भरायच्या आधीच गेलं, की ती बाई नाहीतर तिची सासू पदराआड काहीतरी धरून भिवराईच्या दारात यायची. भिवराई गेलेल्या जीवाला बोळक्यात निजवायची, तोंड ओल्या मातीनं लिंपायची, आणि त्या मातीत बाईच्या हातातल्या बांगडीचा तुकडा दाबायची. अंधारात लेकराजवळ आईच्या हाताची खूण असावी म्हणून. मग नदीच्या वरच्या अंगाला, करंजाखाली, ते बोळकं पुरायचं. पुरुषमाणसं तिकडं फिरकत नसत, आणि बायका घरी जाऊन काही बोलत नसत.

एकदा एका म्हातारीनं तिला विचारलं, "भिवरे, कुणाचं आपणहून जातं, तर कुणी गांजली की आपल्या हातानं घालवती. तू दोघींना सारखंच बोळकं देतीस व्हय?"

"माती इचारत न्हाई," भिवराई म्हणाली, "मग मी कशाला इचारू?"

त्याच गावात सगुणा नावाची नवी सून होती. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. बाळ पोटात हलायला लागलं होतं, आणि एका सकाळी हलायचं थांबलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. सासूनं तिला भिवराईकडं नेलं, आणि दोघी रित्या हातानं घरी आल्या.

पण रावजी कोतवालाला गप्प बसवेना. त्यानं सगुणाला कधीतरी मळ्यात कच्ची पपई तोडताना पाहिलं होतं. पोरीला भाजी खायची वासना झाली होती, बाकी काही नाही. रावजीनं ते तालुक्याला फौजदाराच्या कानावर घातलं. सरकारदरबारी आपली वाहवा होईल, एवढंच त्याच्या डोक्यात.

झालं, फौजदार घोड्यावर बसून आला. "हिनं पोट पाडलं. ही तुरुंगात जाईल," म्हणाला.

सगुणाला चावडीपुढं उन्हात बसवलं. तिच्या छातीला दूध फुटलं होतं, चोळी ओली होत होती, आणि ती सारखा पदर ओढून घेत होती. तुरुंगाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती तिला आतून खात होती. खरंच पपईनं गेलं असेल का? मीच खाल्लं का माझं लेकरू? हे ती कुणाला विचारणार? तोंडातून शब्द निघाला असता, तर फौजदारानं तोच धरला असता.

फौजदारानं भिवराईला बोलावलं. "हिचं बोळकं दाखव. किती महिन्यांचं होतं ते मला बघायचंय."

"मी पुरलं की इसरते, सायेब."

"विसरतेस? मग मी शोधतो. बांगडीचा तुकडा असतो म्हणे त्यात. हिच्या हाताशी ताडून बघू."

सगळं गाव करंजाखाली जमलं. सगुणालाही तिथं आणून बसवलं. रावजीच कुदळ घेऊन पुढं झाला. दोन घाव घातले आणि एक बोळकं निघालं. तोंडावर हिरवा तुकडा. सगुणाच्या हातातही हिरव्याच बांगड्या.

"हेच!" रावजी ओरडला.

बाजूची माती ढासळली आणि दुसरं दिसलं. तोही तुकडा हिरवा. मग तिसरं, मग त्याच्यामागं आणखी. जिथं हात लावावा तिथं बोळकं, आणि सगळ्यांवर तोच हिरवा रंग.

"ही सगळी एकाच बाईची का?" फौजदार खेकसला.

"गावात कासार एकच येतो, सायेब," भिवराई म्हणाली. "समद्यांच्या हातात त्याचाच हिरवा चुडा. ताडा कुणाशी ताडायचं ते."

गडीमाणसं खाली बघायला लागली. रावजीनं पुन्हा कुदळ उचलली. तेवढ्यात बायकांतून त्याची बायको गोजरा पुढं आली.

"अवो, हळू खणा," ती म्हणाली. "तितं आपलं हाय."

रावजीची कुदळ वरच्या वर राहिली. "आपलं? कवा?"

"तुमी सायबाचं सामान घिऊन तालुक्याला गेला व्हता, तवा. आल्यावर तुमी इचारलं, कालवणात मीठ का न्हाई. म्या म्हनलं, इसरले."

रावजी मातीतच बसला. कुदळीवरची मूठ काही त्याला सोडवेना, असं सांगतात.

मग पाटलाची म्हातारी आई काठी टेकत आली. तिचे हात केव्हाचे उघडे होते. "माज्या हातात बांगडी न्हाई, फौजदारा," ती म्हणाली, "पर यातली दोन माजी हायती. कशी गेली ते माज्या नवऱ्याला इचार. तिकडं मसनात भेटंल." आणि ती खुशाल बोळक्यांजवळ बसली. तिच्यामागं एकेक बाई येत गेली. नुसत्या येऊन बसल्या.

फौजदाराला राग आवरेना. फोडून बघावं म्हणून त्यानं समोरचं बोळकं उचललं. आणि काय सांगावं! कितीक वर्षं गार मातीत पडलेलं ते बोळकं ऊबदार लागलं. नुकतं निजलेलं तान्हं हातात घ्यावं, तसं. त्यानं दुसरं उचलून पाहिलं. तेही तसंच. तान्ह्याची मान सावरावी तसं सावरत त्यानं ते खाली ठेवलं.

फौजदार उठून उभा राहिला. मग पाटलाला म्हणाला, "वर काय सांगू मी?"

पाटलानं आपल्या आईकडं पाहिलं. "सांगा की, खणलं तर मातीच निघाली."

फौजदार गेला तो पुन्हा चिंचोड्याच्या वाटेला आला नाही. रावजीनं एकेक बोळकं आपल्या हातानं होतं तिथं ठेवलं आणि ओंजळीनं माती लोटली. कुदळीला हात लावला नाही.

सगुणा तरी उठेना. भिवराई तिच्याजवळ येऊन टेकली.

"आई," सगुणा अगदी हळू म्हणाली, "पपईनं गेलं का गं?"

"ह्या समद्यांनी काय पपया खाल्ल्या व्हत्या?" भिवराईनं चिखलाच्या हातानंच तिचे डोळे पुसले. "जायाचं व्हतं, गेलं. तू न्हाई खाल्लंस त्याला. ऊठ, भाकर खा आधी."

सगुणा सासूच्या हाताला धरून घरी गेली. पोटभर जेवली आणि दिवस असतानाच गाढ झोपली. पुढं तिला मूल झालं का, म्हणून पोरं विचारतात. ते गोष्टीत नाही. ती झोपली, एवढंच आहे.

भिवराई गेली त्या दिवशी तिचा मडकी भाजायचा आवा विझूनही ऊन राहिला होता, असं म्हणतात. आजही आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चिंचोड्यात घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात, तेव्हा त्या घागरीशेजारी एक लहान बोळकं भरून ठेवतात. ते कुणाच्या नावाचं, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. आणि कुणा घरी अवेळी काही झालं, तर त्या घरची चूल गल्लीतल्या बाया पेटवतात. कालवण ताटात वाढायच्या आधी मीठ चाखून बघतात.