भागूचं पालथं सूप

एकदा काय झालं, डोंगराच्या कड्यावर एक गाव होतं. तिथं भागू बुरडीण राहायची. सुपं विणायची, श्रावणात जिवतीचं व्रत करायची. तिची लेक रंगू दरीपलीकडं मावशीकडं गेली होती. तेवढ्यात दरीतल्या ओढ्याला पूर आला नि त्यावरचा लाकडी साकव वाहून गेला. मग पलीकडून मावशीनं हाक घातली, "ताई, पोरीला ताप चढलाय. औषध तोंडात घेत नाही, नुसती आई आई करते."

मग भागूनं बांबूचे पंख विणले, दंडांना बांधले आणि फडफड फडफड केली. पडली गवताच्या गंजीत. तिचा नवरा कोंडिबा म्हणाला, "अगं, आपली कोंबडी तुझ्यापेक्षा बरी फडफडते. ती तरी कुठं दरी ओलांडते?"

मग तिनं चटईसारख्या सपाट तट्ट्याचे मोठे पंख केले. वाटलं, वारा पाठीशी घ्यावा, तो ढकलत नेईल. वाऱ्याकडं पाठ करून धावली. पुन्हा पडली, गुडघे फुटले. कोंडिबानं हळद लावली.

मग श्रावणातला शुक्रवार आला, जिवतीचा वार. जिवतीला जवळच्या लेकरांना ओवाळतात आणि लांबच्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकतात, बरं का. भागूनं कड्यावरून, सुपातून, दरीकडं अक्षता टाकल्या. वारा समोरून होता. सगळ्या अक्षता तिच्याच तोंडावर आल्या. तिचे डोळे भरले. "जिवतीमाय, माझा आशीर्वादसुद्धा पोचेना का गं?"

हातातलं सूप पालथं झालं, आणि काय नवल, ते वरच उचललं जायला लागलं.

मग वारा बोलला, "भागू, पाठ दाखवून पळणाऱ्याला मी धरू कसा? माझ्याकडं तोंड कर. पंख असाच वरून फुगीर ठेव, पुढची कड जराशी वर. पंख मला खाली वळवील, मी पंखाला वर उचलीन. तुझं वजन तुला खाली ओढेल, मी थोडा मागं लोटीन. तू पुढं जाणं सोडू नकोस."

मग तिनं घराएवढं पालथं सूप विणलं. त्याखाली स्वतःला बांधून घेतलं. कोंडिबानं मागून हात लावला. दोघं उतारावरून वाऱ्याच्या तोंडावर धावली. पाय सुटले. भागू तरंगली.

अर्ध्या दरीवर तिला मावशीचं अंगण दिसलं. लवकर वर जावं म्हणून तिनं पुढची कड खूप उचलली. झालं, वेग मोडला. वारा पंखावरून घसरला नि सूप दगडासारखं खाली चाललं.

"कड खाली कर," वारा म्हणाला.

"खाली तर दरी आहे रे बाबा."

"आधी वेग घे. मग मी आहेच."

भागूनं जिवतीचं नाव घेतलं आणि दरीकडं तोंड केलं. कड उचलली नाही. वेग आला. मग तिनं कड हळूच, अगदी हळूच, वर घेतली. वाऱ्यानं तिला लेकरासारखं उचललं आणि मावशीच्या शेतात टेकवलं.

भागूनं रंगूला मांडीवर घेतलं. रंगू औषध प्यायली, वर गूळ मागितला. तीन दिवसांत ताप उतरला. पूर ओसरल्यावर कोंडिबा दोघींना घेऊन आला, आणि तिघं आपल्या घरी सुखानं नांदली.

जिवतीमाय त्यांच्या लेकराला पावली, तशी माझ्या लेकरांना पावो. पाय पांघरुणात घ्या बघू. डोळे मिटा आता.