ठकूबाईची पहार

खडकनेर हे माळावरचे गाव. चहूकडे काळा खडक, मध्ये चाळीस-पन्नास घरे आणि गावाबाहेर कडुलिंबांच्या राईत श्रीनिवांतनाथ महाराजांचा मठ. महाराज तेथे कोठून आले हे कोणी विचारले नाही, त्यांनीही कधी सांगितले नाही. पण ज्या दिवसापासून ते आले, त्या दिवसापासून दुखल्याखुपल्या माणसाचे पाऊल आपोआप राईकडे वळू लागले.

त्याच गावात ठकूबाई लोहारीण राहत असे. लोहारकाम एकट्याने होत नाही. एकाने भाता ओढायचा, एकाने तापलेले लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायचे आणि एकाने घण घालायचा. ठकूबाईचा नवरा रावजी लोखंड धरी, दीर भाता ओढी आणि घण ठकूबाई घाली. रावजी गेला. दीर शहरात कारखान्यात लागला. नऊ वर्षे झाली, ठकूबाईची भट्टी पेटली नव्हती.

मग ती थंड लोखंडावर जेवढे जमेल तेवढे करी. लोकांनी उकिरड्यावर टाकलेली हत्यारे उचलून आणी. विळा झिजून सुरीएवढा झाला की कानशीने घासून त्याचे खुरपे करी. कुदळीच्या तुटक्या टोकाला आखूड दांडा बसवून म्हाताऱ्या बायकांना हलके हत्यार करून देई. घासता घासता ती त्या हत्यारांशीच बोले.

"एवढी कशानं गं झिजलीस? कुणाच्या रानात होतीस?"

उत्तर कोण देणार! कित्येक दिवस असे जात की माणसाशी बोललेला एक शब्द तिच्या तोंडून निघत नसे. लोक दारात हत्यार ठेवून जात, दुसऱ्या दिवशी उचलून नेत.

एकदा मठासाठी विहीर खणायचे ठरले. नागोशेट म्हणून गावातले मोठे व्यापारी होते. तालुक्याला त्यांची लोखंडी सामानाची पेढी होती. त्यांनी कोरी कुदळी-फावडी आणि पहारी गाडीभर आणून वाहिल्या. त्यांचा धाकटा भाऊ सिदराम खणणाऱ्यांबरोबर स्वतः विहिरीत उतरणार होता. त्या गर्दीत ठकूबाईही आली. तिच्या पदराखाली एक जुनी, धार काढलेली कुदळ होती.

नागोशेट सर्वांदेखत हसले. "ठकूबाई, मढ्याची हाडं जोडून कुणी पैलवान उभा करतं का? भंगार ते भंगारच! ने ते घरी."

ठकूबाईची मान खाली गेली. महाराजांनी मात्र ती कुदळ हातात घेतली, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगली कामाची झाली."

एवढेच शब्द! पण घरी जाताना ठकूबाईला रस्ता दिसेना, इतके डोळे भरून आले.

दीड महिना काम चालले. एके दिवशी सकाळी विहिरीच्या कडेची भलीमोठी शिळा सुटली आणि खाली घसरली. बाकीचे दोर धरून वर आले. सिदराम शिळेमागच्या कपारीत अडकला. वीतभर फट तेवढी उरली. त्यातच खालून झरा फुटला! ज्या पाण्यासाठी सारा खटाटोप, तेच पाणी आता सिदरामच्या गुडघ्याशी येऊन चढू लागले.

आठ-आठ गडी पुन्हा खाली उतरून पहारींना झोंबले. होत्या त्या तीन पहारींपैकी दोन वाकल्या, तिसरी कटकन मोडली. तालुक्याहून दुसऱ्या आणायच्या तर उद्याचा दिवस उजाडणार. नागोशेट वेड्यासारखे काठावरून फेऱ्या मारू लागले. महाराज विहिरीच्या तोंडाशी बसले होते आणि खाली वाकून म्हणत होते, "सिदराम, मी इथंच आहे रे. ऐकू येतं ना?"

ठकूबाई पुढे झाली. "शेट, माझ्याकडं जुन्या पहारींचे तुकडे आहेत. मुरलेलं लोखंड आहे, मोडायचं नाही. त्यांची एक मोठी पहार होईल. मला दोन माणसं द्या. एक भात्याला, एक घणाला."

"माझा भाऊ बुडतोय आणि तुला भंगार सुचतंय?" नागोशेट ओरडले. "एकही माणूस इथून हलायचा नाही!"

कोणी हलले नाही. तिने आशेने महाराजांकडे पाहिले. त्यांनीही मान वळवली नाही. ठकूबाई एकटीच घराकडे निघाली.

तिने भट्टी पेटवली. आपणच भाता ओढला, लोखंड लाल केले. पण ते ऐरणीवर ठेवून घण उचलीपर्यंत काळे पडे. दोनदा जोड बसला नाही. तिसऱ्यांदा तुकडे हातातून निसटून मातीत पडले. ती तिथेच बसली. नऊ वर्षांत कधी बोलली नव्हती ते बोलली, "धनी, मला एकटीला नाही हो जमत."

तेवढ्यात मागे भात्याने मोठा श्वास घेतला. ठकूबाईने वळून पाहिले. धोतर खोचून महाराज भात्याशी बसले होते!

"महाराज, तुम्ही? आणि तिकडं सिदराम…"

"त्याला एकटं सोडलेलं नाही," महाराज म्हणाले. "तू सांडशी धर."

ठकूबाईने सांडशी धरली, रावजी धरत असे तशी. लोखंड पांढरे होऊन ठिणग्या फेकू लागले की महाराज भाता सोडून उठत आणि घण घालीत. तुकड्याला तुकडा जुळत गेला. आणि काय नवल! ठकूबाई बोलू लागली. दिराचे निरोप थांबले ते, तापाने फणफणलेल्या रात्री उशाशी पाणी ठेवणारेही कोणी नव्हते ते, नऊ वर्षांचे सगळे. महाराज घणाच्या दोन घावांमध्ये "हं" म्हणत होते.

पुरुषभर उंचीची पहार तयार झाली. "हो पुढं," महाराज म्हणाले. तिने पहार खांद्यावर घेतली. दारातून मागे पाहिले तर भात्याजवळ कोणी नव्हते. आडवाटेने गेले असतील, असे तिला वाटले.

विहिरीवर येऊन पाहते तो महाराज सकाळच्याच जागी, तसेच वाकून बसलेले! पण विचार करायला वेळ कोठे होता? पाणी सिदरामच्या छातीला लागले होते. पहार फटीत घातली, आठ जणांनी अंग टाकले. पहार तसूभरही वाकली नाही. शिळा कण्हली, सरकली आणि सिदराम दोराला धरून वर आला.

नागोशेटांनी भावाला मिठी मारली. सिदराम थरथरत म्हणाला, "दादा, अंधारात मी भ्यालो नाही. महाराज एक क्षणही बोलायचे थांबले नाहीत."

नागोशेटांची नजर पहारीकडे गेली. "बाई, घण कुणी घातला?"

"महाराजांनीच की."

"काय बोलतेस! महाराज सकाळपासून इथून उठले नाहीत. सारा गाव साक्षीला आहे."

ठकूबाई गोंधळून महाराजांकडे पाहू लागली. सर्वांनीच पाहिले. महाराजांचे हात कोपरापर्यंत काजळीने माखले होते. तळव्यांवर ताजे फोड होते आणि धोतराला ठिणग्यांची बारीक बारीक भोके पडली होती.

नागोशेटांनी महाराजांच्या पायावर लोळण घेतली. महाराजांनी त्यांना उठवले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नागोशेट, तिनं माणूस मागितला होता. तुम्ही दिला नाहीत, म्हणून मला जावं लागलं."

नागोशेटांनी मागे पाहिले. जयजयकाराच्या गर्दीतून ठकूबाई केव्हाच निघून गेली होती. ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

ते तसेच अनवाणी तिच्या घरी गेले. ठकूबाई ऐरणीवरची राख झाडत होती. नागोशेटांनी उंबऱ्यावर डोके टेकले.

"चुकलो, बाई. माझा अपराध पोटात घे."

"उठा, उठा शेट! असं करू नये." ती अवघडून गेली. मग विचारले, "सिदराम सावरला का?"

"सावरला."

तिने गोणपाट झटकून अंथरले. "मग बसा."

आणि गावचे नागोशेट त्या काजळीत मांडी घालून बसले. काही काम नसताना त्या घरी येऊन बसलेले ते नऊ वर्षांतले पहिले माणूस होते.