बेअरिंगवरचा तळहात

"आता तरी अस्सल माल घातलाय की! मग बेअरिंग ओरडतंय कशानं, वस्ताद?"

दस्तगीर वस्ताद जोतिरामच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. समोर वर्तमानपत्रावर मातीतल्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं.



जोतिराम त्यांच्याकडेच काम शिकला आणि सगळं आलं असं स्वतःच ठरवून निघून आला. हाताचा गर्व असा, की इंजिन उघडलं की स्वारी देवाशीही बोलायची नाही. गेल्या शर्यतीत क्रँकचं बेअरिंग जाम झालं, गाडी आपटली. चूक आपली असेल, हे त्याच्या मनाला शिवलंही नाही. बेअरिंग धाकट्या भावाने, सुबरावने आणलं होतं. पैसे खाऊन डुप्लिकेट माल आणलास म्हणून जोतिरामने त्याला आईदेखत मुस्काटात दिली आणि घराबाहेर काढलं.

मग स्वतः कंपनीच्या दुकानातून बेअरिंग आणलं. तेही ओरडायला लागलं.

"दुसरं नवं आणलंयस ना? बसव," वस्ताद म्हणाले. "मी बघतो."

बेअरिंगची जागा सैल व्हावी म्हणून इंजिनची अर्धी केस, म्हणजे बाहेरचं कवच, शेगडीवर तापवली. पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडाला. आईने फ्रीजरमधलं गार बेअरिंग काढून दिलं, लेकाच्या तोंडाकडे न बघता. सुबराव गेल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

बेअरिंग अर्धं उतरलं, तिरकं झालं, अडकलं.

जोतिरामने सवयीने हातोडी उचलली.

वस्तादांनी बेअरिंगवर तळहात ठेवला, तापल्या केसला टेकून.

"मार."

"हात काढा, वस्ताद."

"मार की."

"अहो, केस तापलीय... पोळेल तुम्हाला!"

"पोळतंयच."

...

जोतिरामने हातोडी खाली ठेवली. मगच वस्तादांनी हात उचलला. फडक्याने केस धरून पालथी केली, पाटावर आपटली. बेअरिंग बाहेर पडलं. ते पुन्हा फ्रीजरमध्ये गेलं, केस पुन्हा शेगडीवर. या वेळी वस्तादांनी घाई केली नाही. बेअरिंग सरळ धरून सोडलं. ते आपल्या वजनाने तळाला जाऊन बसलं.

हातोडी होती तिथेच राहिली.

मग वस्तादांनी सुबरावने आणलेलं जुनं बेअरिंग पेट्रोलमध्ये धुतलं आणि जोतिरामच्या हातात दिलं.

"फिरव."

फिरवताना ते बोटांना अडखळत होतं. ठरावीक अंतरावर, प्रत्येक गोळीपाशी.

"खड्डे पडलेत," जोतिराम म्हणाला.

"बसवताना मधल्या कडीवर हातोडी हाणली की गोळ्या कडीत रुततात. माल चांगला होता."

"म्हणजे सुबराव..."

आईने शेगडी बंद केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने लेकाकडे नीट बघितलं. त्याला मान वर करवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"आत्ता जातो, वस्ताद. पाय धरतो त्याचे. घरी घेऊनच येतो."

वस्ताद भाजलेल्या तळहातावर फुंकर घालत होते.

"जा. पण तो परत यावा म्हणून जाऊ नकोस. चूक तुझी होती, एवढं सांगायला जा."