हजार सीसीची माघार

आमच्या आजऱ्याचे सर्जेराव हजार सीसीची स्पोर्ट बाईक घेऊन टपरीवर आले आणि उताराच्या तळाशी, भिंतीकडे तोंड करून ती लावली. चहाला बसलेल्या भाचीला, रेवतीला म्हणाले, "चारशे सीसीची घेतेस? ती काय दूध घालायची गाडी? हजारचीच घे!"

शेजारी बसलेले रेवतीचे बाबा, गाडीचे पैसे तेच देणार होते, लगेच डळमळले.

रेवती म्हणाली, "कबूल मामा. तुमची गाडी नुसती मागं घेऊन दाखवा, मी हजारचीच घेते."

मामांनी घाम गाळला, पण ते जड धूड चढावर मागं हलेना. पोटभर हसून झाल्यावर टपरीवर बसलेल्या आम्ही चौघांनी ती ओढून काढली.

"गाडी झकास आहे मामा, पण मला एकटीनं फिरायचंय. हे चौघं रोज कुठं बसवू?"

मामाही हसले. "दाजी, चारशेचीच घ्या!"

आता मामा गाडी लावताना आधी उतार बघतात, मग आम्ही टपरीवर आहोत का ते.