एकाच नावाच्या दोन मुळ्या

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात डोंगरापलीकडून एक बाई आली. तिचं नाव बुधी. झाडपाल्याची औषधं देणारी तिच्या पाड्यावरची ती शेवटचीच. "मी गेले की हे सगळं माझ्याबरोबर जाईल," ती म्हणाली. "आमच्या बोलीला अक्षरं नाहीत. तुम्ही लिहून द्या. माझी नात शाळेत जाते, ती वाचील."

आचार्यांचं आयुष्य भाषांमधल्या ध्वनींचा अभ्यास करण्यात गेलं होतं. हे काम त्यांनी आपल्या सर्वांत हुशार शिष्याकडे सोपवलं. त्याला या शास्त्रातली तीन मतं मुखोद्गत होती. पहिलं मत म्हणे, ज्या फरकाने अर्थ बदलतो तोच फरक भाषेच्या लेखी खरा. दुसरं म्हणे, शब्दाचं मूळ रूप मनात असतं आणि नियमांनी बदलत बदलत ते ओठांवर येतं. तिसरं म्हणे, बोलणाऱ्याला सोपेपणा हवा असतो आणि ऐकणाऱ्याला स्पष्टपणा. त्या ओढाताणीत जे टिकतं तेच उच्चारलं जातं. यांतलं श्रेष्ठ कोणतं, यावर शिष्य तासन्‌तास वाद घाली.

तीन दिवस बुधी सांगत राहिली, तो लिहीत राहिला. चौथ्या दिवशी यादी आचार्यांपुढे ठेवताना तो वैतागलेला होता.

"आचार्य, बाईंचा गोंधळ होतो. 'तिरा' नावाच्या मुळीला त्या एकदा पोटदुखीचं औषध म्हणतात, एकदा विष. मधूनच शब्दाच्या शेवटी सूर चढवतात, जणू त्यांनाच खात्री नाही. विषाची ओळ मी खोडून टाकली."

आचार्यांनी यादी त्याच्याच हातात परत दिली. त्यांनी बुधीकडून दोन्ही मुळ्या मागवून घेतल्या. दोन्ही तपकिरी, बोटाएवढ्या, दिसायला सारख्याच.

"सकाळपासून तुझं पोट दुखतंय ना?" ते शिष्याला म्हणाले. "तुझी यादी वाच आणि औषध घे."

शिष्याने यादी पाहिली. 'तिरा'. पुढ्यातल्या दोन्ही तिराच. त्याने जवळची मुळी उचलून तोंडाशी नेली, तोच बुधीने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"टाक ते! हा तिरा नाही, तिरा आहे!"

शिष्य तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या कानांना तिने एकच शब्द दोनदा उच्चारला होता. पण मनगटावरची तिची पकड सुटत नव्हती.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला. ती म्हणाली. सहाव्या वेळी त्याला ऐकू आलं: एक शब्द सपाट जमिनीवरून चालत होता, दुसऱ्याचा शेवट वर चढत होता. ज्या चढाला तो शंका समजला होता, ते विषाचं नाव होतं.

त्याने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही यादी वाचून त्यांच्या नातीने..."

आचार्य शांतपणे म्हणाले, "आपल्या भाषेत सूर चढला की प्रश्न होतो, म्हणून तुझ्या कानांनी तो प्रश्नच ठरवला. कान लहानपणी जे फरक धरायला शिकतो, तेवढेच त्याला पुढे जाणवतात. यात तुझा दोष नाही. तुला जे कळलं नाही ते तू तिचा गोंधळ म्हणून खोडलंस, तिथे तू चुकलास. तुझी तिन्ही मतं उपयोगाची आहेत. आज पहिल्याने दोन शब्द वेगळे करून दिले. उद्या हे शब्द इतर शब्दांना जोडले की चढ कुठे सरकतो ते पाहशील, तेव्हा दुसरं कामाला येईल. घाईत बोलताना पाड्यावरची माणसं काय गाळतात आणि काय जपतात, तिथे तिसरं. पण आधी बोलणाऱ्याचं नीट ऐकून घे."

शिष्याने कोरा कागद घेतला. चढत्या सुरासाठी अक्षरावर एक तिरपी रेघ ठरवली आणि जुनी यादी पहिल्या नावापासून तिला वाचून दाखवायला बसला. "बुधीबाई, चुकलं की थांबवा."

अकरा ठिकाणी तिने थांबवलं. त्यांतल्या चार ठिकाणी त्याला फरक ऐकूच आला नाही. तिथे त्याने जागा मोकळी सोडली.

"हे उद्या पुन्हा ऐकवाल?"

"ऐकवीन की," बुधी हसून म्हणाली. "पण तू पाड्यावर ये. आमच्या बायका भांडताना ऐकल्यास की लवकर कळेल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तिच्यामागून डोंगर चढू लागला.