चार काळी चाकं

एकदा एक तरुण अभियंता आपल्याच गाडीसमोर उभा राहून पुरता गोंधळून गेला. गाडी देखणी होती. लाल, बुटकी, लांब नाकाची, बसायला दोनच जागा, आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. तरुणाचं नाव निनाद. मूळचा सांगलीकडचा, पण नोकरीनिमित्त तो ज्या परमुलखात राहत होता तिथे वर्षातले पाच महिने बर्फ असतो. मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फावर कशी वागते हे त्याला पहिल्याच हिमवर्षावात कळलं होतं. घरासमोरचा साधा उतार तिने आडवी होऊन पार केला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग गाडी ठेवायची घरी आणि जायचं बसने. पण निनादला रविवारी घाट ओलांडून पलीकडच्या गावी पोहोचायचं होतं, आणि हिवाळ्यात त्या घाटात बस जात नसे. पलीकडे त्याची बहीण राहायची आणि बहिणीकडे त्याचे वडील होते. भास्करराव शहात्तर वर्षांचे. चार महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे आले होते. एकदा सहज गाडीभोवती फेरी मारून ते म्हणाले, "दोनच जागा? मग आम्ही कुठे बसायचं रे?" थट्टेतच म्हणाले होते. निनादला मात्र ते झोंबलं. तो म्हणाला, "तुम्ही काय इथे कायमचे राहणार आहात?"

एवढं एकच वाक्य.  दुसऱ्या दिवशी भास्कररावांनी जावयाला बोलावून घेतलं आणि मुलीकडे निघून गेले. त्याला आता सात आठवडे होत आले होते. मधल्या काळात ना बापाने फोन केला ना लेकाने. रविवारी दुपारी भास्कररावांचं परतीचं विमान होतं. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, बाबा आता पुन्हा इतक्या लांब यायचे नाहीत. यायचं असेल तर ये."

जावं की न जावं, गेलो तर काय बोलावं, आधी कोणी बोलावं, यातलं निनादला काहीच सुचत नव्हतं. म्हणून त्याने टायर निवडायला घेतले. मी याला हसत नाही. आपण सगळे हेच करतो. जे सुटत नाही ते बाजूला सारतो आणि जे मोजता येतं ते मोजत बसतो.

त्याने कॉम्प्युटरवर तक्ता केला. एकतीस टायर, बारा रकाने. बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे घ्यावेत की बिनखिळ्यांचे? रुंद की अरुंद? चारही बदलावेत, की ताकद जिथे आहे ती मागचीच दोन? एक जाणकार लिहितो, डिकीत वाळूची पोती टाका. दुसरा जाणकार लिहितो, वाळूने गाडी आणखीच फिरते. तीन दिवसांच्या अभ्यासानंतर, पहिल्या दिवशी जेवढं कळत होतं तेवढंही त्याला कळेनासं झालं.

शेवटी शनिवारी सकाळी तो आप्पा जंगमांकडे गेला. जयसिंगपुरात झिजलेल्या टायरांना नवं रबर चढवण्यात आप्पांची चाळीस वर्षं गेली होती. आता ते निनाद राहायचा त्याच बर्फाच्या गावात मुलाकडे राहत आणि घरात बसवत नाही म्हणून हिवाळाभर तिथल्या एका टायरच्या दुकानात कामाला जात. गावातली मराठी मंडळी त्यांना टायरपासून लग्नापर्यंत सगळं विचारत.

निनादने दुकानातच तक्त्याचे छापलेले कागद त्यांच्यापुढे केले. आप्पांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग नीट घडी घालून कागद त्याच्याच खिशात ठेवले.

"जायचंय कुठं?"

"घाटापलीकडे. उद्या."

"कोण आहे तिकडं?"

 निनादने सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. "पण आप्पा, सुरुवात त्यांनी केली होती," तो शेवटी म्हणाला.

 आप्पांनी कोपऱ्यातून टायरचे कापलेले दोन तुकडे आणले आणि निनादच्या हातात दिले. "अंगठ्यानं दाबून बघ. कुठला चांगला?"

निनादने दाबून पाहिले. "हा चांगला. भरीव आहे. दुसरा फारच लिबलिबीत वाटतो."

आप्पांनी मान हलवली, दोन्ही तुकडे बाहेर बर्फावर नेऊन ठेवले आणि आत येऊन चहाचं आधण चढवलं. बाहेर उणे पंधरा अंश होतं. निनादला काही उमगेना. दुकान दुपारी बंद होणार, सकाळी निघायचं, आणि हे गृहस्थ आलं किसत बसले आहेत.

"आप्पा, टायर कुठले घ्यायचे?"

"चहा घे आधी."

अर्ध्या तासाने आप्पा त्याला बाहेर घेऊन गेले. "आता दाब."

मघाशी आवडलेला तुकडा लाकडासारखा झाला होता. नख रोवून पाहिलं तरी उमटेना. दुसरा होता तसाच होता. निनादने दोन्ही उलटसुलट करून पाहिले. "हा मघाचाच?"

"मघाचाच. आत ऊब होती तेव्हा तुला हाच पसंत पडला होता." आप्पांनी तुकडा हातात घेतला. "रबर वाईट नाही बाळ. उन्हाळ्यात याच्यासारखं नाही. पण थंडी पडली की हे ताठ होतं. ताठ झालं की खालच्या रस्त्याचं याला काही कळत नाही, नुसतं वरून सरकत जातं. आणि हे दुसरं थंडीतही मऊ राहतं, म्हणून धरून राहतं. ताकदीचं म्हणशील तर ती तुझ्या गाडीत पाहिजे त्याहून जास्त आहे. घसरते ती त्यानंच."

निनादने मऊ तुकडा पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे असले दोन मागे बसवू?"

"मागचे दोन तुला अंगणातून बाहेर काढतील. पण वळवायचं काम पुढच्यांचं, आणि थांबायचं तर चारही पाहिजेत. तुला नुसतं निघायचंय की पोचायचंय?"

मग त्यांनी गाडीची चकचकीत रुंद चाकं उतरवली आणि लोखंडाची चार काळी, अरुंद चाकं चढवली. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खाली रस्त्यापर्यंत जातो, असं ते बोल्ट आवळता आवळता सांगत होते. निनादला गाडीकडे बघवेना. नवरदेवाने शेतातल्या वहाणा घालाव्यात तशी ती दिसत होती.

"आणि वाळूची पोती?"

"पोती कशाला? शेजारी कुणाला तरी बसव."

रविवारी सकाळी तो घाटाला लागला. वाटेत तो मनात बोलणं जुळवत होता. बाबा, तुम्हीही तेव्हा जरा... बाबा, थट्टेलाही काही मर्यादा... एका वळणावर समोर ट्रक आडवा दिसला. त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी गपचूप, सरळ रेषेत थांबली. त्याला नखाखालचा तो टणक तुकडा आठवला. सात आठवडे आपण कसे राहिलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला लाज वाटली. ट्रक बाजूला झाल्यावरही तो थोडा वेळ तिथेच बसून राहिला.

बहिणीच्या दारात बॅगा भरून ठेवल्या होत्या. जावयाने विमानतळावर जायला आपली मोठी गाडी तापत ठेवली होती. भास्करराव कानटोपी घालून पायरीवर उभे होते.

"रस्ता बरा होता?" त्यांनी विचारलं.

"निसरडा होता. सावकाश आलो." निनादने जुळवलेलं सगळं तयार होतं. त्याने ते सोडून दिलं. "बाबा, त्या दिवशी मी बोललो ते फार चुकलं. मला तुम्ही हवे होतात."

 भास्करराव गाडीकडे बघत होते. "चाकं बदललीस?"

"हो. थंडीची आहेत."

"बरी आहेत." मग त्यांनी जावयाला बॅगा मोठ्या गाडीत टाकायला सांगितलं, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या उतरले आणि लाल गाडीचं दार स्वतःच उघडलं. "दोनच जागा आहेत ना," ते म्हणाले. "मला एकच लागते."

निनादने वाकून त्यांचा पट्टा लावून दिला.